एक झाकण पाणी

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मिस्साची उपासना चालू असताना कोणाचा मोबाइल वाजला की मी थांबतो, आणि तो बंद होईपर्यंत पुढे सरकत नाही. प्रवचनात कोणी डुलकी काढली तर हाक मारून उठवतो. लोक मला सांभाळून घेतात, कारण शिकवायला उभा राहिलो की मी बरा शिकवतो असं त्यांचं म्हणणं आहे. माझंही तेच म्हणणं आहे. पुढे जे झालं ते मी एकदा फार चांगलं शिकवलं म्हणून झालं, तेव्हा आधी तो वर्ग सांगतो.

मी मूळचा जालन्याकडचा. बुलढाणा जिल्ह्यात बदली होऊन आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. आमची कुटुंबं थोडी, आणि तीन तालुक्यांत विखुरलेली. एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर मोटारसायकलवर सगळी सकाळ जाते. आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी एका खेड्यातून फोन आला, की तीन दिवसांचं लेकरू फार आजारी आहे, बाप्तिस्मा द्यायला या. रस्ता सगळा खणून ठेवलेला होता. मी पोचलो तेव्हा लेकरू गेलं होतं. त्याच्या आईने विचारलं, "आता माह्या लेकराचं कसं होईन फादर?" मी जे मानतो तेच तिला सांगितलं, की देवाची दया माझ्या मोटारसायकलची वाट बघत बसत नाही. ते मी आजही तितक्याच ठामपणे सांगेन. पण तिच्या हाताशी पाण्याचा माठ होता, आणि अशा वेळी तिने स्वतः पाणी घातलं असतं तरी चाललं असतं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. परतीच्या वाटेवर मला स्वतःची लाज वाटली.

बाप्तिस्मा फादरने द्यावा हा आमचा रिवाज. जीव धोक्यात असेल तर मात्र कोणीही देऊ शकतं. डोक्यावरून साधं पाणी वाहिलं पाहिजे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांचं नाव घेतलं पाहिजे, आणि देणाऱ्याच्या मनात तोच हेतू पाहिजे. एका रविवारी मिस्सा संपल्यावर मी सगळ्या बायकांना थांबवून घेतलं. सरावाला बाळ कुठून आणायचं? त्या दिवशी अर्पणात कोणीतरी हातभर लांब दुधी भोपळा आणला होता. तोच टॉवेलात गुंडाळला, पितळी तांब्या भरून घेतला आणि एकेकीला पुढे बोलावलं. मान धर. पाणी शिंपडू नको, ओत. गडबडू नको, शब्द नीट म्हण. बायका हसून हसून बेजार झाल्या आणि ओरडून माझा घसा बसला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी त्या दुधीला विळी लावायला साफ नकार दिला. भोपळ्याला आत्मा नसतो, त्याचं काहीही झालेलं नाही, असं मी त्यांना दोनदा समजावलं. शेवटी मीच चिरला आणि मीच भाजी केली.

त्या वर्गात एकीने एकदाही न चुकता सगळं करून दाखवलं होतं. त्यांना मी मावशी म्हणतो. वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करून आणण्याचं काम गेली वीसेक वर्षं त्यांच्याकडे आहे आणि ते दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ देत नाहीत. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा त्यांनी एकटीने वाढवला. बोलणं तिखट, हात कामाला वाघ. माझ्यावर उलटून बोलणारी आमच्या चर्चमधली ती एकच व्यक्ती आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

त्यांच्या मुलाने जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेशी लग्न ठरवलं. मुलगी देऊळगाव राजाची, बौद्ध घरातली. आमच्याकडे अशा लग्नाला परवानगी लागते, ती मी आणली. परवानगीच्या कागदात कॅथलिक बाजूने एक वचन द्यायचं असतं, की मुलांना श्रद्धेत वाढवण्याचा आपल्याकडून प्रयत्न करीन. ते दुसऱ्या बाजूला नीट समजावून सांगणं माझं काम. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याने प्रयत्न करावा, माझी हरकत नाही. मी माझा धर्म सोडणार नाही. मुलांचं मी विचार करून ठरवीन. फक्त मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

"मी शब्द देतो," मी म्हणालो.

माझ्या वतीने शब्द देणं ठीक होतं. मी तो अख्ख्या घराच्या वतीने देऊन टाकला.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच झाला आणि तळहातावर मावेल एवढा होता. सतरा दिवस काचेच्या पेटीत होता, मग हळूहळू त्याने बाळसं धरलं, आणि सहा महिन्यांचा होईपर्यंत असा गुटगुटीत झाला की उचलून घेताना माझी कंबर बोलायला लागली. एके दिवशी सून स्वतः माझ्याकडे आली. शाळेतून परस्पर आली होती, खांद्याला वह्यांची पिशवी तशीच होती. म्हणाली, "मी ठरवलं. ह्याचा बाप्तिस्मा करायचा. बाबांशी बोलले मी. ते म्हणाले, लेकरू तुझं, तू ठरव. तो बुद्धविहारातही येईल आणि इथेही येईल. चालेल ना?"

"धावेल," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की तिच्यासमोर तो नीट लपवताही आला नाही. कोणी न ढकलता, स्वतःच्या पायांनी चालत आलेला होकार फादरच्या आयुष्यात रोज भेटत नाही. पुढच्या पंधरवड्यात इतर फादर भेटले तेव्हा त्यांच्यासमोर मी ह्या गोष्टीची बढाईसुद्धा मारली. तारीख ठरली. नागपूरचे नातेवाईक शेगावला गाडीतून उतरून पुढे जीपने येणार होते. मोहल्ल्यातले बिर्याणीवाले चाचा देग घेऊन येणार होते.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मावशी इस्त्रीची कापडं घेऊन आल्या. कापडं टेबलावर ठेवली, पण निघेनात. मी विचारलं, पापनिवेदन करायचं आहे का, तर चर्च उघडतो.

"पाप असतं तं तिथंच सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "हे पाप नाई. पन तुमाले सांगतल्याबिगर रविवार कसा होईन?"

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. लेकरू पेटीत होतं त्या पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले होते की आता सांगता येत नाही. सुनेचं सिझर झालेलं, तिला उठता येत नव्हतं, म्हणून दूध नेऊन द्यायला आजीला झगा घालून आत सोडायचे. सिस्टर दुसऱ्या पेटीकडे वळल्या तेवढ्यात मावशींनी पाण्याच्या बाटलीचं झाकण भरलं, पेटीच्या गोल भोकातून हात घातला आणि लेकराच्या टाळूवर ओतलं.

"सगळं पानी वाह्यलं? शब्द म्हटले?" मी विचारलं. त्यांची बोली माझ्या तोंडात कधी आली ते मला कळलं नाही.

"सगळे म्हटले. तुमी भोपळ्यावर शिकवले तसेच. लेकरू निळं पडून राह्यलं होतं फादर. मी काय तुमची वाट पाहू?"

"सुनेला का नाही सांगितलं?"

"काऊन सांगू? ते रडून राह्यली होती. मंग लेकरू बरं झालं. मंग राहूनच गेलं."

बाप्तिस्मा एकदाच होतो; एकदा नीट झाला की पुन्हा देता येत नाही. मावशींनी दिलेला बाप्तिस्मा शंभर टक्के खरा होता. चर्चचा कायदाही त्यांच्या बाजूने होता. मरणाच्या दारात असलेल्या लेकराला आईबापाला न विचारता दिलेला बाप्तिस्मा आमच्या नियमात बसतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्या मुलीने दोन अडीच वर्षं विचार करून होकार दिला होता, ती तिच्या नकळत सहा महिन्यांपूर्वीच उरकलेली होती.

एक वाट अगदी सोपी होती. रविवारी मी पुन्हा पाणी घालायचं, मावशींनी गप्प बसायचं, सगळ्यांनी बिर्याणी खायची. कोणाला कळलं असतं? मी तो विचार केला, आणि तो मनात चांगला घोळवला, हे कबूल करतो. नियम मोडेल म्हणून मी तो सोडला असं म्हणालो तर अर्धंच खरं होईल. तिला न विचारता आधी एकदा झालं होतं. आता तिच्या डोळ्यांसमोर, तिला फसवून, दुसऱ्यांदा झालं असतं, आणि ह्या वेळी करणारा मी असतो. ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

मी मावशींना म्हणालो, तुम्हीच सांगायचं. त्या म्हणाल्या, "तुमीच सांगा. ते मले घरात ठेवायची नाई." इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या सगळ्या संकटांत ताठ उभ्या राहिलेल्या बाईला भ्यालेलं पाहून मला वाईट वाटलं. मी म्हणालो, चला, दोघं जाऊ. मोटारसायकलवर मागे बसून त्या घरापर्यंत आल्या.

सून स्वयंपाकघरात लेकराला वरणभात भरवत होती. मुलगा अजून कामावरून यायचा होता. मावशींनी चौकटीत उभं राहूनच सांगितलं, काही न लपवता. सुनेने वाटी खाली ठेवली. लेकराचं तोंड पुसलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी कुठे होते आई?"

"वार्डात. खाटेवर."

"किती लांब?"

मावशी खाली ठेवलेल्या वाटीकडे बघत राहिल्या.

"बाजूच्या खोलीत होते मी. त्या दिवशी तुम्ही येऊन विचारलं असतं तर मी कशालाही हो म्हटलं असतं. माझं लेकरू जगावं म्हणून मी काहीही करू दिलं असतं. तुम्ही विचारलंच नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही शब्द दिला होता."

माझ्याकडे उत्तर होतं. मला ठाऊक नव्हतं, मलाही आजच कळलं, हे सगळं खरं होतं. पण ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण ते खरं असलं तरी तिच्या काय कामाचं? मी एवढंच म्हणालो, "दिला होता. मोडला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती लेकराला घेऊन देऊळगाव राजाला माहेरी गेली. मुलगा समजूत घालायला स्टँडपर्यंत गेला आणि तसाच परत आला. रविवारी पाहुणे आले, बाप्तिस्मा नाही. मी वेदीवरून सांगितलं की कार्यक्रम पुढे ढकलला आहे आणि चूक माझी आहे, ह्याहून जास्त कोणी विचारू नये. माझ्या तोंडून हे शब्द ऐकायची लोकांना सवय नाही. बिर्याणी आलेली होती, ती खावी लागली. चाचांनी दोनदा विचारलं, "फादर, मीठ कमी पडलं का?"

मावशी रोज यायच्या. कापडं नसली तरी यायच्या, बाकावर बसायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "फादर, मी देवाचं काम केलं का चोरी केली?"

मी म्हणालो, "देवाचं काम केलं. सुनेची चोरी केली."

"दोन्ही एकाच झाकनानं?"

"हो."

त्या उठून गेल्या. इतकं रोखठोक बोललो ह्याचं मला पुढे काही वाईट वाटलं नाही. त्यांना थोपटून घरी पाठवलं असतं तर मी खोटं बोलतोय हे त्यांनी लगेच ओळखलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मी बसने देऊळगाव राजाला गेलो. सुनेच्या वडिलांनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि "तुम्ही बोला, मी अंगणात आहे" म्हणून बाहेर जाऊन बसले. लेकरू सतरंजीवर पालथं पडून माझ्या चपलेकडे झेपावत होतं. मी माफी मागितली. मला ते नीट जमत नाही. मी माफीसुद्धा शिकवल्यासारखी मागतो. ती ऐकत राहिली आणि मग तिने एक प्रश्न विचारला, तो मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

"तुम्ही म्हणता, झालेलं पुन्हा करता येत नाही. मग माझ्या होकाराला आता काय अर्थ उरला फादर?"

फादर होण्याआधी सेमिनरीत आम्हाला बाप्तिस्म्यावर वर्षभर शिकवलं होतं. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. मी चहा संपवला. मग म्हणालो, "पाणी झालं, ते मला परत घेता येणार नाही. पण पाणी म्हणजे सगळं नाही. घाईत बाप्तिस्मा झालेल्या लेकराला नंतर चर्चमध्ये आणायचं असतं, त्याचा वेगळा विधी आहे. त्यात आम्ही आईबापाला दारातच थांबवतो आणि विचारतो, तुम्हाला मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, काय हवं आहे. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. तुम्हाला ते अजून कोणी विचारलेलं नाही. मला विचारायचं आहे. तुम्ही आलात तर विचारेन. नाही आलात तरी हे लेकरू आमचंच आहे आणि तुम्ही आमच्याच आहात, त्यात फरक पडत नाही."

"बघते," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती निदान दारापर्यंत येईल. ती आली नाही. वडील आले, आणि बस सुटेपर्यंत माझ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले.

ह्यावर मी रोज प्रार्थना केली, आणि सगळं ठीक होईल असा भरवसा मला होता असं लिहायला मला आवडलं असतं. भरवसा देवावर होता. त्या घराबद्दल मला काही सांगता येत नव्हतं. मावशींचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मुलगा दर शनिवारी देऊळगावला जायचा आणि रविवारी एकटाच परत यायचा. मावशी त्याला काही विचारायच्या नाहीत, फक्त त्याच्या हातातली पिशवी घेताना लेकराचे धुवायचे कपडे आहेत का ते बघायच्या.

मग एका साध्या रविवारी, सणवार काही नसताना, मी प्रवेशाच्या गीताला दाराशी उभा असताना ती फाटकातून आत आली. कडेवर लेकरू, बरोबर नवरा, मागे तिचे आईवडील. अंगावर पांढरी साडी होती. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आज होईल का? ते दारातलं?"

मी गीत थांबवायला सांगितलं. सगळे मागे वळून बघायला लागले. मावशी पहिल्या बाकावर असतात. त्या उठून मधल्या वाटेने दारापर्यंत आल्या आणि तीन पावलं अलीकडे थांबल्या, बाजूच्या भिंतीला लागून.

मी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने विचारलं, "ह्या लेकराला घेऊन तुम्ही आला आहात. मंडळीकडून तुम्हाला काय हवं आहे?"

उत्तर छापलेलं असतं. पुस्तकातला तो कागद मी नवऱ्याच्या हातात दिला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवला. मग आमच्या सगळ्या बाकांकडे बघत, शाळेत पाठ वाचून दाखवावा तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "माझ्या लेकराचं काहीही करायच्या आधी मला विचारा. मला एवढंच हवं आहे."

पुस्तकात ह्याच्यापुढे माझ्यासाठी काही लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात भिंतीकडून खणखणीत आवाज आला, "आमेन."

सून वळली. मावशींनी दोन्ही हात पुढे केले, मग ते तसेच अर्ध्यावर थांबवले आणि विचारलं, "घेऊ का?"

"घ्या," सून म्हणाली.